जितं बीळ

आमच्या कॉलनीत देवमन वानखडे म्हणून विचारलं तर दोघे डोकं खाजवतील आणि तिसरा भलत्याच वानखड्यांच्या दारात नेऊन उभं करील. घूसवाले काका म्हणा, शेंबडं पोर घर दाखवतं. काकांना या नावाचं काही वाटत नाही. त्यांच्या मुलाला, संघपालला, वाटतं. तो पुण्याला कॉलेजात शिकवतो आणि सुटीत आला की म्हणतो, "बाबा, एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली, आता लोकांच्या नाल्या कायले तपासता?" काका ऐकून घेतात. सुटी संपते, संघपाल जातो, आणि काका बॅटरी नि चुन्याची पिशवी घेऊन पुन्हा कोणाच्या तरी न्हाणीमागे उकिडवे बसलेले दिसतात.

नोकरी अकोल्याला होती, शेतीचे प्रयोग चालतात अशा एका सरकारी फार्मवर. हुद्दा मजुराचा, काम उंदीर-घुशींचं. साहेब लोक वही घेऊन बांधावर उभे राहत, आणि वहीत काय लिहायचं ते काका वावरातून ओरडून सांगत. हे ते स्वतःच सांगतात. माणूस स्वतःबद्दल सांगतो तेव्हा मी रुपयातले चार आणे कमी करून ऐकते, पण काकांच्या बाबतीत तशी गरज पडली नाही. आता ते पासष्टीला आलेत. उंची बेताची, उजवा गुडघा दुखरा, आवाज इतका हळू की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं काही लपवून राहिले.

माझी त्यांची ओळख घुशीमुळेच झाली. मी चांदूर बाजारजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेत प्रमाण मराठी बोलते आणि घरी रागावले की वऱ्हाडी, म्हणजे घरी बहुतेक वेळ वऱ्हाडीच. मागच्या श्रावणात अंगणातले पेव्हर ब्लॉक खाली बसायला लागले. आधी काळ्या मातीला दोष दिला. आमची माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि वर बांधलेल्या कशालाच नीट राहू देत नाही. मग एका सकाळी धुण्याच्या ओट्याशी घमेलाभर मऊ माती उकरलेली दिसली आणि तिच्यामागे माझा हात कोपरापर्यंत जाईल एवढं भोक.

आमच्या ह्यांनी त्यात पाइप सोडला. गच्चीवरची टाकी रिकामी झाली, भोक भरलं नाही. मिरच्यांचा धूर केला, तर घुशीला काही झालं नाही आणि सासूबाई दोन दिवस खोकत होत्या. पिंजरा लावला, त्यात शेजारच्या वच्छलाकाकूंची मांजर सापडली आणि काकू आठ दिवस बोलल्या नाहीत. सासूबाईंचं म्हणणं, चूक आमचीच. आमच्या सासूबाई, पार्वताबाई, तेल्हाऱ्याकडच्या. त्यांच्या माहेरी घुशीला मारायचा बेत घरात मोठ्याने बोलत नाहीत. तिला ऐकू जातं आणि ती सूड म्हणून लुगडी कुरतडते. त्यामुळे घूस हा शब्दच घरात बंद होता. "ते आलतं काय रात्री?" असं त्या विचारत आणि बोटाने जमिनीकडे दाखवत.

काकांना बोलावलं तेव्हा ही सूचना त्यांनाही दिली. एकतीस वर्षं शास्त्रज्ञांबरोबर काढलेला माणूस हसेल असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. पुढचे सगळे दिवस आमच्या अंगणात कुजबुजतच बोलले. त्यांचा आवाज मुळातच तसा होता हे मला नंतर समजलं.

त्यांनी आधी पिशवीतून चुना काढला आणि अंगणभर फिरून भोकांभोवती गोल केले. मला एक भोक माहीत होतं. काकांनी सात काढली. एक तुळशीमागे, तीन कंपाउंडच्या पायाशी, दोन थेट नालीत. मी म्हटलं, "काका, औषध कधी टाकता?"

"पह्यले तोंडं मोजू द्या, मॅडम. तोंडं मोजल्याबिगर औषध म्हंजे आंधळ्याची काठी."

संध्याकाळी त्यांनी सातही भोकं ओल्या मातीने बुजवली, वरून हात फिरवून गुळगुळीत केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फाटकाशी हजर. चार भोकं उघडली होती, तीन तशीच होती.

"जे उघडलं ते जितं," काका म्हणाले. "नाई उघडलं तथी कोनी राहत नाई. लोकं सगळ्याईत औषध टाकतात अन् म्हनतात औषध खोटं हाये."

ती चार पुन्हा बुजवली, पुन्हा सकाळी पाहिली. असं तीन दिवस. एक दिवस पाहून भागत नाही, कारण घूस एखाद्या दिवशी दुसऱ्या तोंडाने निघते. मग दोन दिवस ज्वारीच्या भरडीत तेल कालवून नुसतीच भोकात ठेवायची, औषध न घालता. तिला विश्वास बसला पाहिजे. तिसऱ्या दिवशी औषध. मला या सगळ्याची घाई झाली होती. काकांना कशाचीच घाई नव्हती. चहा मात्र ते घेत नसत. "हाताले औषध लागलेलं असते," म्हणत. त्या दिवसांत त्यांनी औषधाची पुडी पिशवीबाहेरही काढली नव्हती, तरी कारण हेच. मी आग्रह केला नाही. आमच्या सासूबाईंनी त्यांना पाहुण्यांच्या कपात चहा दिला असता की खिडकीतल्या जुन्या ग्लासात, हे मला खात्रीने सांगता आलं नसतं. काकांना बहुतेक सांगता आलं असतं.

एकदा मी त्यांना छेडलं. ते दर रविवारी विहारात पंचशील म्हणतात हे मला माहीत होतं. म्हटलं, "काका, जीवहत्या करणार नाही असं म्हणता ना तुम्ही तिथं? मग हे?"

ते भोकात बॅटरी मारत होते. मान न वळवता म्हणाले, "म्हनतो ना. म्हनूनच तं दर रईवारी म्हना लागते."

औषध टाकायचा दिवस ठरला आणि सासूबाई आडव्या आल्या. दुसऱ्या दिवशी गणपती बसणार होता. घरात देवाच्या वाहनाला हळदकुंकू वाहायचं आणि अंगणात त्याच्याच जातीला विष घालायचं, हे त्यांना पटेना. खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं. मी काकांना सांगितलं, गणपती उठू द्या.

"घूस येगळी अन् उंदीर येगळा, मॅडम."

"नात्यातले तर आहेत ना?"

"हो, नात्यातले हायेत." त्यांनी पिशवी आवरली. फाटकाशी थांबून म्हणाले, "पन एक सांगतो. दोन दिस जेवू घातलं तिले. आता ते दाना हुडकत येईन. खोबरं-बिबरं उघडं नोका ठेवू."

हे वाक्य मला आठवायला पाहिजे होतं तेव्हा आठवलं नाही.

गणपतीपाठोपाठ महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे तीन दिवस घरच्या बायांचं कंबरडं मोडायचं काम. सोळा भाज्या, आंबील, पुरण, फुलोरा, आणि शंभर माणसांचं जेवण. भांडी घासायला रूपाली होती. रूपाली चार वर्षांपासून आमच्याकडे येत होती, कॉलनीतली आणखी चार घरंही करायची. राहायची बस स्टँडच्या मागे. तीन दिवस ती सकाळपासून आमच्याकडेच होती. मागच्या खोलीतले मोठे गंज, स्वयंपाकाची पातेली, तिनेच काढले, तिनेच घासून परत ठेवले.

आमच्या घरची एक रीत आहे. ज्येष्ठेच्या गळ्यात सासूबाईंची एकदाणी घालायची, हळदीच्या दोऱ्यात ओवलेली, एकवीस सोन्याच्या मण्यांची. ती त्यांच्या आईची. तिसऱ्या दिवशी देव उठले की ती एकदाणी ओटीच्या गव्हात ठेवायची, सोबत खारीक, हळकुंड, सुक्या खोबऱ्याची वाटी, सगळं खणात बांधायचं आणि ती पुरचुंडी मागच्या खोलीत गव्हाच्या कोठीवर ठेवून द्यायची, गणपती उठेपर्यंत. लक्ष्मी धान्यात मुरली पाहिजे. कोणाला विचारू नका, का. आमच्या सासूबाईंच्या सासूबाई ठेवायच्या म्हणून.

गणपती उठायच्या दिवशी सकाळी मी कोठीकडे गेले. पुरचुंडी नव्हती.

अख्खी खोली उलथली. कोठीखाली पाहिलं, गंजात पाहिलं, गादीच्या घड्या मोडल्या. सासूबाई ओट्यावर बसून राहिल्या, रडल्या नाहीत, फक्त गळ्यावरून हात फिरवत राहिल्या. मला तेवढंच दिसत होतं. त्या खोलीत घरच्यांशिवाय गेलेली एकच बाई होती, आणि तीही महालक्ष्म्या उठल्यावर दोन दिवस सुटी घेऊन वरूडला भावाकडे जाऊन आली होती. झालं. दोन अधिक दोन मी रोज पोरांना शिकवते.

रूपाली दहाला आली तेव्हा मी ओसरीवर उभी होते. विचारलं. ती म्हणाली, "मी नाई घेतलं, मॅडम." मी पुन्हा विचारलं, वर्गातल्या आवाजात, म्हणजे चार घरांना ऐकू जाईल असं. ती तेच म्हणाली. मी म्हटलं, पिशवी दाखव. तिने पिशवी माझ्या पायाशी उलटी केली. रिकामा डबा, कंगवा, एक संत्रं, पोरीच्या केसांची लाल रिबन. संत्रं घरंगळत पायरीखाली गेलं. सोनं नव्हतं. पिशवीत सोनं नसणं हेही मला तिच्या हुशारीचंच लक्षण वाटलं. पाच-सहा दिवसांपूर्वी नेलेली वस्तू आज पिशवीत कोण ठेवील? मग पिशवी पाहिलीच कशाला, हे मी स्वतःला विचारलं नाही. पोलिसांत गेले नाही आणि त्यालाच मी माझा मोठेपणा समजले. उद्यापासून येऊ नको म्हटलं. तिने वस्तू गोळा केल्या. संत्रं तसंच राहिलं.

कंपाउंडपलीकडे वच्छलाकाकू कपडे वाळत घालत होत्या. मांजरीचं भांडण विसरून त्यांनी काय झालं विचारलं, आणि मी सांगितलं. शाळेत प्रणाली मॅडमला सांगितलं. समोरच्या घरी सांगितलं, मागच्या घरी सांगितलं, हळदीकुंकवाला आलेल्या बायांना सांगितलं. सांगताना प्रत्येक वेळी "आपल्याला कोणावर आळ घ्यायचा नाही" असं आधी म्हणायचे. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्या आठवड्यात दोन घरांनी रूपालीला यायला नको म्हणून सांगितलं.

गणपती उठून दोन दिवस झाले आणि काका आले. पुन्हा बुजवणं, पुन्हा सकाळी पाहणं, पुन्हा साधी भरड, मग औषध. माझं लक्ष नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी तीन घुशी मेलेल्या मिळाल्या, दोन नालीत, एक तुळशीमागे. मांजराएवढ्या. काकांनी त्या कागदात गुंडाळल्या, अंगणाच्या कोपऱ्यातल्या कडुलिंबाखाली खोल पुरल्या, साबणाने तीनदा हात धुतले. पुढच्या सकाळी एकही भोक उघडलं नव्हतं. काम संपलं होतं. आता खडी आणि सिमेंट ठोकून तोंडं कायमची बंद करायची, एवढंच राहिलं होतं.

त्या शनिवारी ते आले ते एक बारदाना आणि चाळणी घेऊन. आल्या आल्या पहार मागितली, "सब्बल हाये काय घरी?"

"कशाला?"

"खोदा लागते."

मी चिडले. पहिल्या दिवसापासून हा माणूस मला सांगत आला होता की बीळ खोदायचं नसतं, खोदलं की पाया ढिला होतो, शहाणा माणूस बुजवतो. डोंगर पोखरून उंदीर काढतात म्हणे. इथे उंदीर आधीच पुरून झाला होता आणि आता डोंगर पोखरायचा होता. माझा धुण्याचा ओटा फुटणार होता, त्यावरची फरशी तीन वर्षांचीसुद्धा नव्हती.

"काका, तुम्हीच म्हणता खोदू नये."

"म्हनतो."

"मग?"

"हे खोदा लागते, मॅडम. ओटा मी बांधून देईन."

मी म्हटलं, मग करा काय करायचं ते, मला शाळेत जायचं आहे. तर म्हणाले, "नाई. तुमी नाई तं आजीले उभं करा. घरच्या मानसाबिगर मी बीळ उघडत नाई." आवाज तोच, हळू. पण सब्बल हातात घेऊन ते नुसते उभे राहिले. सासूबाईंचे पाय सुजलेले होते. मी शाळेत फोन केला आणि तोंड फुगवून खुर्ची टाकून बसले.

ओटा फुटला. खालचं बीळ मला वाटलं होतं तसं सरळ नव्हतं. ते ओट्याखालून वळून नालीला लागत होतं, तिथून भिंतीखालून आत. काका दोन हात खोदत, बसत, गुडघा चोळत, पुन्हा खोदत. जे निघेल ते बारदान्यावर मांडत आणि नाव घेऊन सांगत, हजेरी घ्यावी तसं. "साबनाची वडी. आणखीन एक वडी. चपलेचा अंगठा. आलू. हे तुमचा पेन काय?" पेन माझाच होता, लाल शाईचा, त्यासाठी मी चौथीच्या एका पोराला उभं केलं होतं.

भिंतीच्या पायाशी बीळ रुंद झालं. तिथे घरटं होतं. काकांनी हाताने माती सारली आणि सांगायचे थांबले. घरटं चिंध्यांचं होतं, आणि चिंध्या हिरव्या खणाच्या, जरीचा काठ असलेल्या. त्यात सात पिल्लं मरून पडली होती. काकांनी आधी ती पिल्लं एकेक करून कागदावर घेतली. मग चिंध्या उचलल्या. खाली गव्हाची फोलपटं, खारकेची बी, आणि मातीत पिवळं काही.

मी खुर्चीवरून कधी उठले आठवत नाही. खड्ड्याशी गुडघे टेकले होते एवढं खरं, कारण साडी नंतर दोनदा धुवावी लागली. हळदीचा दोरा घुशीने खाल्ला होता. मणी सुटे झाले होते. काकांनी माती चाळायला घेतली. एक मणी, दोन मणी. बारदान्यावर ओळीने. आतून सासूबाई भिंत धरून धरून आल्या आणि दारात बसल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळसा घेताना मी एका बाईला तुडवून गेले होते.

दुपारपर्यंत एकोणीस झाले. घरट्याची माती संपली होती. काकांचा शर्ट पाठीला चिकटला होता, दुखरा पाय लांब करून ते जमिनीवरच बसले होते. मी म्हटलं, "काका, राहू द्या आता. एकोणीस मिळाले, खूप झालं. दोन गेले तर गेले."

"गेले कसे जातीन?" ते म्हणाले. "एकईसच्या एकईस पाह्यजे."

"कशाला जीव काढता? आजी काही म्हणत नाहीत, मी काही म्हणत नाही."

काकांनी चाळणी खाली ठेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमी आज नाई म्हननार. सहा महिन्यानं म्हनान. दोन मनी कमी होते, ते कोनं नेले म्हनान."

मग एकदम लक्षात आलं की एकदाणी हरवल्याचं मी या माणसाला कधी सांगितलंच नव्हतं. कॉलनीभर सांगितलं, त्यांना नाही. आणि मणी एकवीस, हे तर मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"रूपाली आलती घरी. सुटीहून आली त्या दिशी कोठीमांगं गहू सांडले होते म्हने, नालीपावतर. खोबऱ्याचा तुकडा होता. तिनं झाडून फेकले. मंग घरी बसल्या-बसल्या तिच्या ध्यानात आलं. दरसाल तेच घासते ना देवाची भांडी, आजीचे मनी तिले मालूम होते."

"मग काका, हे मला आधी का नाही सांगितलं? मी पहिल्याच दिवशी खोदू दिलं असतं."

"अन् नसतं निंघालं तं?"

ते पुन्हा चाळायला लागले. चाळता चाळताच बोलले, माझ्याशी कमी आणि मातीशी जास्त. "तिनं घुशीचं नाव सांगतलं, तुमी खोदलं, काईच नाई निंघालं. मंग ते दोनदा चोर झाली असती. एकडाव सोन्याची, एकडाव लबाडीची. म्हनून तिले म्हतलं, तू गप राहा. निंघालं तं सांगू. नाई निंघालं तं घूसवाल्याचं डोकं फिरलं, ओटा फोडला, एवढंच म्हनतीन लोकं."

विसावा मणी नालीच्या तोंडाशी मिळाला. एकविसाव्यासाठी काकांनी सगळी चाळलेली माती पुन्हा बादलीत घेतली, पाण्यात कालवली आणि ढेकळं बोटांनी फोडत बसले. मीही बसले. तासाभराने तो त्यांच्या हाताला लागला. त्यांनी तो माझ्या हातात न देता बारदान्यावर ओळीच्या शेवटी ठेवला आणि म्हणाले, "मोजा." मी मोजले. सासूबाईंनी मोजले. मग ते उठले, पिल्लांचा कागद घेऊन लिंबाखाली गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी काकांच्या घरी गेले. ते विहारात गेले होते. त्यांच्या पत्नी सुंदराबाई यांनी मला पलंगावर बसवलं, चहा दिला, कप-बशीत. मी तो प्याले. काय बोलायला आले ते मला नीट जमलं नाही. सुंदराबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या मानसाले बिळाचं येड हाये, मॅडम, त्याचं तुमी काई वाटून घेऊ नोका. बहात्तरच्या दुष्काळात ह्याईची माय, केशरबाई, वावरातली उंदराची बिळं खोदे. त्यातले जवारीचे दाने काढे, लेकरं जगवे. एका दिशी मालकानं पाह्यलं. म्हने खळ्यातली चोरली. माय म्हने बिळातली हाये. कोनं पाह्यलं बिळातली? कोनीच नाई. पदरातली जवारी रस्त्यावर ओताले लावली. हे बारा वर्साचे होते, संग होते." त्यांनी कप उचलला. "तवापासून घरच्या मानसाबिगर बीळ उघडत नाई. फार्मवर साहेबालेही उभं करे."

मी तिथूनच रूपालीकडे गेले. पिशवीत सासूबाईंनी दिलेली नवी साडी होती आणि मी वाक्यं जुळवून ठेवली होती. रूपाली दारात तांदूळ निवडत होती. बस म्हणाली. मी सगळं सांगितलं, घरटं, खण, एकवीस मणी. माझी चूक झाली असंही म्हणाले, दोनदा. सुपातले खडे ती बाजूला टाकत राहिली.

मी थांबल्यावर म्हणाली, "मले कायले सांगता, मॅडम? मले तं मालूमच होतं." एक खडा टाकला. "ज्याईले ज्याईले तुमी सांगतलं, त्याईले सांगा."

साडी तिने घेतली नाही. कामावर येतेस का हे मी विचारलंच नाही, विचारायचं तोंड नव्हतं.

त्याच संध्याकाळी वच्छलाकाकूंकडे गेले. सोमवारी शाळेत प्रणाली मॅडमला सांगितलं, तिच्यासमोर बाकीच्यांनाही. समोरचं घर, मागचं घर, हळदीकुंकवाच्या बाया, एकेकीचं दार वाजवून. सांगणं कठीण होतं. चोरी झाली हे सांगताना लोक खुर्ची पुढे ओढतात. झालीच नाही हे सांगताना गॅसवर काही ठेवलंय म्हणून उठतात. आठ दारं झाली. बुधवारी काका ओटा बांधायला आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, थोडं अभिमानानेच, की सगळ्यांना सांगून झालं.

काका सिमेंट कालवत होते. "बरं झालं," म्हणाले. मग घमेलं जवळ ओढत, "सकाळी पाहा लागते, मॅडम."

मला वाटलं, सिमेंटबद्दल बोलून राहिले.

गुरुवारी सकाळी दुधाच्या डेअरीवर रांगेत उभी होते. माझ्यापुढे पलीकडच्या गल्लीतली एक बाई होती, तिचं नावही मला धड माहीत नाही. मी तिला कधी काही सांगितलं नव्हतं. ती मागे वळली आणि आपुलकीने म्हणाली, "मॅडम, सापडली म्हणे तुमची एकदाणी? बरं झालं बाई. त्या कामवालीनं शेवटी कबूल केलं म्हणे, अन् मुकाट्यानं आणून दिली."

माझी किटली भरायची पाळी आली होती. मी मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं, किटली खाली ठेवली, आणि त्या बाईला अगदी सुरुवातीपासून सांगायला लागले.